निळ्या शब्दांची जबाबदारी

वेबपानावरील काही शब्द असे असतात की, त्यांवर बोट टेकवले किंवा माउसची कळ दाबली म्हणजे वाचक त्या पानावरून दुसऱ्या पानावर अथवा त्याच पानाच्या दुसऱ्या भागात जाऊन पोहोचतो. या सोयीला हायपरलिंक किंवा नुसतेच लिंक म्हणतात आणि लिखित मराठीत तिच्यासाठी ‘दुवा’ हा शब्द आता रुळला आहे. संकेतस्थळ उभारताना त्याची रंगसंगती, छायाचित्रे आणि मांडणी यांवर पुष्कळ खल होतो. दुव्यांचा विचार मात्र सहसा शेवटी आणि घाईघाईने केला जातो, कारण दुवा ही तांत्रिक बाब असून ती प्रोग्रामरने सांभाळायची असते, असा समज रूढ आहे. हा समज चुकीचा आहे. दुवा जोडण्याचे तांत्रिक काम काही क्षणांचे असते. त्यासाठी कोणते शब्द निवडायचे, ते वाक्यात कोठे ठेवायचे आणि ते दिसावेत कसे, हे ठरवणे हे लेखनाचे आणि संपादनाचे काम आहे. प्रत्येक दुव्यापाशी वाचकाला हातातले वाचन सोडून पुढे जायचे की नाही याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय दुवा दाबण्यापूर्वीच, समोर दिसणाऱ्या शब्दांच्या आधारे, त्याला घेता आला पाहिजे. चांगल्या दुव्याची कसोटी एवढीच असली, तरी तिला उतरण्यासाठी बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात.

एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरात थेट जाण्याची कल्पना संगणक घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी जुलै १९४५ च्या ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात ‘मेमेक्स’ नावाच्या एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले होते; सूक्ष्मपटावर साठवलेल्या कागदपत्रांमधून वाचकाला स्वतःच्या विचारक्रमानुसार वाटा आखता याव्यात, ही त्यामागची दृष्टी होती. १९६५ मध्ये टेड नेल्सन यांनी अशा परस्परांशी जोडलेल्या मजकुराला ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव दिले, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी माउसच्या साहाय्याने जोडलेल्या मजकुरांत फिरण्याचे प्रात्यक्षिक घडवले. तथापि, दुवा वाचकाला दिसावा कसा, या प्रश्नाला अभ्यासाचा विषय बनवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी मेरिलँड विद्यापीठातील बेन श्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना द्यावे लागते. त्या काळी संगणकावर पुढचा मजकूर मागवण्यासाठी बहुधा वेगळ्या यादीतील पर्यायाचा क्रमांक टाइप करावा लागे. १९८० च्या दशकात या गटाने विकसित केलेल्या ‘हायपरटाइज’ या प्रणालीत मात्र चालू वाक्यातलेच शब्द उजळ करून त्यांच्याकडे दुव्याचे काम सोपवले गेले, आणि त्यामुळे दुव्याला भोवतालच्या वाक्याचा अर्थ आपोआप लाभला. याच गटाने रंगांचेही प्रयोग केले. लाल रंगातील दुवे चटकन नजरेत भरत, पण वाचलेला मजकूर समजण्यात आणि लक्षात राहण्यात ते अडथळा आणत. उलट निळा रंग पुरेसा ठळक असूनही वाचनात व्यत्यय आणत नसे, असे श्नायडरमन यांनी नंतर सांगितले आहे.

सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावातून वर्ल्ड वाइड वेब आकाराला आले. १९९० च्या अखेरीस नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर चालू लागलेल्या त्यांच्या पहिल्या ब्राउझरमध्ये, म्हणजे वेबपाने उघडून दाखवणाऱ्या प्रणालीत, दुवे केवळ अधोरेखित केलेले असत, कारण त्या संगणकाचा पडदा करड्या छटांचा होता. निळा रंग आला तो इलिनॉय विद्यापीठातील सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात तयार झालेल्या ‘मोझॅक’ या ब्राउझरबरोबर. एप्रिल १९९३ मधील त्याच्या एका आवृत्तीत न पाहिलेल्या पानाचा दुवा निळा व सलग रेघेने अधोरेखित, आणि पाहून झालेल्या पानाचा दुवा गडद जांभळा व तुटक रेघेने अधोरेखित, अशी व्यवस्था ठरवण्यात आली. पुढच्या ब्राउझरांनी थोड्याफार फरकाने तीच उचलली आणि निळा अधोरेखित शब्द म्हणजे दुवा, हा संकेत जगभर प्रस्थापित झाला. जांभळ्या रंगाची उपयुक्तता आज बरेच संकल्पक विसरतात. शंभर शासन निर्णयांच्या यादीतून हवा तो शोधणाऱ्या वाचकाला यांतील कोणते आपण आधीच उघडून पाहिले आहेत हे रंगावरून कळले, तर त्याच त्या कागदांत पुन्हा शिरण्याचे श्रम वाचतात. यादीतील सर्व दुवे कायम एकाच रंगाचे ठेवणारा आराखडा वाचकाच्या स्मरणशक्तीवर अकारण भार टाकतो.

निळा रंग आणखी एका कारणाने सोयीचा ठरतो. लाल आणि हिरवा यांतील भेद ओळखण्यात अडचण असलेल्या व्यक्तींनाही निळा रंग सहसा वेगळा दिसतो, आणि अशा व्यक्ती थोड्या नाहीत: युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. तरीही केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे असते. दोन रंगांच्या उजळपणातील फरक मोजण्याचे एक गणिती परिमाण आहे, त्याला रंगभेदाचे गुणोत्तर म्हणता येईल. पांढऱ्यावर काळे असेल तेथे ते सर्वाधिक, म्हणजे २१ ला १ इतके भरते. ब्राउझरमधील नेहमीचा निळा रंग पांढऱ्या पार्श्वभूमीवर सुमारे ९.४ ला १ असे उत्तम गुणोत्तर देतो, म्हणजे तो सहज वाचता येतो. मात्र शेजारच्या काळ्या अक्षरांशी त्याच निळ्याचे गुणोत्तर जेमतेम २.२ ला १ भरते, आणि दुवा नुसत्या रंगाने वेगळा दाखवायचा असेल तर ते किमान ३ ला १ असावे, असे वेबच्या सुलभतेचे तज्ज्ञ सांगतात. याचा अर्थ असा की, नीटनेटकेपणाच्या नावाखाली अधोरेखा काढून टाकली, तर मंद दृष्टीच्या वाचकाला किंवा भर उन्हात मोबाइल पाहणाऱ्या शेतकऱ्याला काळ्या परिच्छेदातला निळा शब्द वेगळा जाणवेलच याची खात्री राहत नाही. अधोरेखा ठेवावी, आणि जो शब्द दुवा नाही तो कधीही अधोरेखित करू नये. त्यावर जोर द्यायचा असल्यास ठळक टंक पुरेसा असतो.

देवनागरीत मात्र ही अधोरेखा स्वतःच एक प्रश्न होऊन बसते, आणि इंग्रजी पानांचे आयते आराखडे जसेच्या तसे वापरणाऱ्या मराठी संकेतस्थळांवर तो पावलोपावली दिसतो. रोमन लिपीतील छोट्या अक्षरांपैकी मोजक्याच अक्षरांचे शेपूट ओळीच्या खाली उतरते. देवनागरीत ऱ्हस्व आणि दीर्घ उकार, ऋकार, पाय मोडल्याची खूण, ‘राष्ट्र’मधील खालचा रकार आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे हे सारे मूळ अक्षराच्या खाली असते, आणि अधोरेखा नेमकी याच पट्ट्यातून जाते. वर शिरोरेखा, खाली अधोरेखा आणि अधोरेखेने कापलेले उकार, अशा स्थितीत शब्द दोन रेघांमध्ये कोंडल्यासारखा दिसतो. ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतील भेद ज्या चिन्हावर अवलंबून आहे तेच चिन्ह झाकले जाते. अलीकडच्या ब्राउझरांत अधोरेखा अक्षराच्या खालच्या भागाला भिडेल तेथे ती आपोआप तोडण्याची सोय आहे, परंतु ‘कृषी पुरवठा शुल्क’ यांसारख्या शब्दसमूहात ती इतक्या ठिकाणी तुटते की उरलेले तुकडे अक्षराचाच भाग वाटू लागतात. यावरचा उपाय अवघड नाही. वेबपानाच्या दृश्यरूपाचे नियम ज्या सीएसएस या संकेतभाषेत लिहिले जातात तिच्यात अधोरेखा अक्षरांपासून किती खाली असावी आणि किती जाड असावी हे ठरवता येते. मराठी पानासाठी ती उकारांच्या खाली जाईल एवढी उतरवावी, बारीक ठेवावी आणि दोन ओळींतील अंतर त्या बेताने वाढवावे, म्हणजे खालच्या ओळीच्या वेलांट्या आणि मात्रा तिला भिडत नाहीत. अधोरेखा नकोच म्हणून ती पुसून टाकण्यापेक्षा एवढे श्रम घेणे केव्हाही श्रेयस्कर होय.

मराठीचा दुसरा विशेष तिच्या विभक्तिप्रत्ययांत आहे. इंग्रजीत संबंध दाखवणारे शब्द नामापासून सुटे लिहिले जातात, त्यामुळे नेमके नाम दुव्यासाठी निवडणे सोपे असते; मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो आणि चिकटण्यापूर्वी नामाचे रूपही बदलतो. ‘विद्यापीठाच्या निर्णयानुसार’ या शब्दांतील फक्त ‘विद्यापीठ’ एवढ्याच अक्षरांवर दुवा ठेवला, तर दुव्याची सीमा ‘ठा’ या अक्षराच्या मधोमध पडते आणि काना एकीकडे व मूळ व्यंजन दुसरीकडे अशी विभागणी होते. कोणता ब्राउझर अशा तुटलेल्या अक्षराचे काय करील याचा भरवसा नसतो: कधी काना रंगाविना राहतो, कधी शिरोरेखेत खंड पडतो, कधी तुटलेल्या मात्रेपाशी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. म्हणून मराठीत दुवा नेहमी पूर्ण शब्दावर, प्रत्ययासह असावा. पानाचे नाव ‘पुणे’ असले आणि वाक्यात ‘पुण्याच्या’ आले, तर तोच संपूर्ण शब्द निळा असावा. मराठी विकिपीडियावर पानाचे शीर्षक आणि वाक्यात दिसणारे रूप वेगवेगळे लिहिण्याची सोय असल्याने तेथील संपादक हे सतत करीत असतात.

रंग आणि रेघ यांपेक्षा महत्त्वाचे असतात ते दुव्यासाठी निवडलेले शब्द. मराठी संकेतस्थळांवर सर्वाधिक आढळणारा दुवा बहुधा ‘येथे क्लिक करा’ हाच असावा. हा शब्दप्रयोग टाळावा असे बर्नर्स-ली यांनी वेबच्या आरंभकाळीच आपल्या लेखनविषयक सूचनांमध्ये सुचवले होते आणि वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेनेही पुढे तेच सांगितले. तरीही तो टिकून आहे, कारण लिहिणाऱ्याला त्यासाठी काहीच विचार करावा लागत नाही. त्याचा सर्वाधिक त्रास दृष्टिहीन वाचकांना होतो. ते संगणकावर एनव्हीडीए किंवा जॉज आणि मोबाइलवर टॉकबॅक यांसारखे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणाली वापरतात. डोळस वाचक पानावरून नजर फिरवून हवा तो दुवा हेरतो. दृष्टिहीन वाचक त्याच कामासाठी एका दुव्यावरून पुढच्या दुव्यावर उड्या घेत जातो किंवा पानावरील सर्व दुव्यांची यादी मागवून ती ऐकतो. अशा वेळी एका पानावर बारा दुवे असतील आणि बाराही ‘येथे क्लिक करा’ म्हणत असतील, तर त्या यादीतून त्याला काहीही कळत नाही आणि प्रत्येक दुव्याच्या आगेमागे वाक्य शोधत हिंडावे लागते.

एका कल्पित सूचनेवरून हा फरक स्पष्ट होईल. ‘पीक विम्याचा अर्ज भरण्यासाठी येथे क्लिक करा. अर्जासोबत लागणाऱ्या कागदपत्रांसाठी येथे क्लिक करा. तक्रारीसाठी येथे क्लिक करा’ अशा तीन वाक्यांत तीन ‘येथे’ निळे असण्याऐवजी ‘पीक विम्याचा अर्ज भरा’, ‘अर्जासोबत लागणारी कागदपत्रे’ आणि ‘विम्याबाबत तक्रार नोंदवा’ हेच शब्द दुवे झाले, तर मजकूर बराच घटतो, तिन्ही दुवे एकमेकांपासून वेगळे कळतात आणि संदर्भावाचून ऐकले तरी त्यांचा अर्थ लागतो. दुवा दाबल्यावर उघडणाऱ्या पानाचे शीर्षकही शक्य तोवर त्याच शब्दांत असावे, म्हणजे वाचकाला आपण योग्य जागी आल्याची खूण पटते. याचा लाभ शोधयंत्रांनाही होतो: सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये गूगलची रचना मांडताना, दुव्याचा मजकूर हा ज्या पानाकडे तो नेतो त्या पानाविषयीची माहिती मानला होता. ‘येथे’ या शब्दातून कोणत्याही पानाविषयी काहीच समजत नाही.

वाचक दुवे कसे निवडतो याचा एक उद्बोधक सिद्धांत पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या संशोधकांनी १९९० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रात मांडला. रानात भक्ष्य शोधणारा प्राणी जसा वासाच्या आधाराने कोठे वळायचे हे ठरवतो, तसा माहिती शोधणारा माणूस दुव्याच्या शब्दांतून मिळणाऱ्या सुगाव्यावर पुढची वाट ठरवतो, आणि सुगावा क्षीण झाला की ती जागा सोडून देतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हा सुगावा मुख्यतः पहिल्या काही अक्षरांतच मिळावा लागतो. संगणकाच्या उपयोगसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००९ मध्ये लोकांना दुव्यांच्या मजकुरातील केवळ पहिली ११ अक्षरे दाखवून पुढे काय असेल ते ओळखण्यास सांगितले होते. चांगले दुवे तेवढ्यावरूनही उमगत, वाईट दुवे मुळीच उमगत नसत. तो प्रयोग इंग्रजी मजकुरावरचा असला, तरी त्याचे मर्म मराठी प्रशासकीय भाषेला तंतोतंत लागू पडते. ‘महाराष्ट्र शासनाच्या अमुक विभागामार्फत राबविण्यात येणाऱ्या तमुक योजनेअंतर्गत लाभार्थ्यांची यादी प्रसिद्ध करण्याबाबत’ अशा शीर्षकांच्या वीस ओळी एकाखाली एक आल्या की त्या सर्वांचा आरंभ सारखाच असतो आणि त्यांना वेगळे करणारा शब्द शेवटाकडे, मोबाइलच्या अरुंद पडद्यावर कित्येकदा कापल्या जाणाऱ्या भागात दडलेला असतो. शासकीय टिपणीत ही रचना रास्त असेल. दुव्यात मात्र ‘लाभार्थी यादी: घरकुल योजना, २०२४-२५’ असा क्रम हवा, ज्यात वेगळेपण सांगणारा शब्द आधी आणि विभागाचे नाव, गरज असलीच तर, नंतर येते.

दुवा दाबल्यावर पानाऐवजी दुसरेच काही घडणार असेल, तर तेही आधी सांगणे आवश्यक आहे. मोबाइलवर मोजकाच डेटा शिल्लक असलेल्या माणसाने एका परिपत्रकासाठी दुवा दाबावा आणि त्यातून ४० मेगाबाइटची पीडीएफ धारिका उतरू लागावी, हा त्याच्या वेळेचा आणि पैशाचा अपव्यय आहे. ‘प्रवेश नियमावली, पीडीएफ, २ मेगाबाइट’ एवढे लिहिण्यास कोणताही खर्च येत नाही. दुवा नव्या खिडकीत उघडण्याची सवयही अशीच विचार न करता लागलेली आहे. नव्या खिडकीत ब्राउझरचे ‘मागे’ हे बटण काम करीत नाही, आणि नवी खिडकी उघडल्याचे ज्याच्या ध्यानात आलेले नाही असा वाचक परतीची वाट शोधत राहतो. अर्धवट भरलेला अर्ज पुसला जाऊ नये यासारखे ठोस कारण असेल तरच नवी खिडकी योग्य ठरते, आणि तेव्हाही तसे दुव्यातच नमूद करावे.

बोटाने वापरल्या जाणाऱ्या पडद्यामुळे दुव्याच्या आकाराला वेगळे महत्त्व आले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका ते अचूक गाठण्यास अधिक वेळ लागतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुलभताविषयक मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ आवृत्तीत, दाबण्याची जागा उंचीला व रुंदीला किमान २४ पिक्सेल असावी किंवा तिच्याभोवती तेवढे मोकळे अंतर असावे, अशी अपेक्षा आहे. वाक्यामधल्या दुव्यांना त्यातून सूट आहे, पण याद्यांना नाही. तालुक्यांची किंवा गावांची नावे दाटीवाटीने लावलेल्या यादीत थरथरत्या हाताच्या वृद्धाकडून शेजारचेच गाव दाबले जाते, आणि तेथे चूक आराखड्याची असते. माउस वापरता न येणाऱ्यांसाठी कळफलकाच्या टॅब कळीने एकेका दुव्यावर जाता येते. त्या वेळी आपण कोणत्या दुव्यावर आहोत हे दाखवणारी चौकट काही संकल्पक कुरूप म्हणून काढून टाकतात, आणि तसे केल्याने त्या वाचकांसाठी सारे पानच निरुपयोगी होते.

एका परिच्छेदात दुवे किती असावेत याचे ठरीव उत्तर नाही. विकिपीडियासारख्या ज्ञानकोशाची तर उभारणीच दुव्यांवर झाली आहे. तेथे अद्याप न लिहिलेल्या लेखाकडे जाणारा दुवा लाल दिसतो आणि ते पान तयार करण्याचे एक प्रकारे आवाहन करतो. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावरील असे लाल शब्द म्हणजे मराठीत काय लिहायचे राहिले आहे याची उघडी नोंदच होय. तरीही प्रत्येक ओळखीच्या शब्दाला दुवा जोडू नये आणि एकच दुवा पुन्हा पुन्हा देऊ नये, असा संकेत तेथेही पाळला जातो. बातमीच्या दर दोन परिच्छेदांनंतर ‘हेही वाचा’ म्हणून चालू विषयाशी संबंध नसलेले दुवे घुसवण्याची पद्धत मात्र वाचकाला हानिकारक आहे. त्यातून काही काळ भेटींची संख्या वाढत असेल, पण दुवा म्हणजे टाळायची गोष्ट, हा धडा वाचक त्यातूनच शिकतो, आणि मग खऱ्या उपयोगाचे दुवेही त्याच्या नजरेतून सुटतात.

दुव्यावरील विश्वासाचा प्रश्न आता केवळ सोयीपुरता उरलेला नाही. दुव्यात दिसणारे शब्द आणि तो प्रत्यक्षात जेथे नेतो तो पत्ता या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. दिसायला बँकेचे नाव आणि आत भलताच पत्ता, अशी रचना करून खातेदाराचा सांकेतिक शब्द हस्तगत करणे या प्रकाराला फिशिंग म्हणतात. संगणकावर दुव्यावर माउसचा बाण नेला की खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. मोबाइलवर तो पाहण्यासाठी दुवा दाबून धरावा लागतो, आणि ही युक्ती बहुतेकांना ठाऊक नसते. त्यात देवनागरी पत्त्यांची अडचण वेगळीच आहे. पत्त्यातील प्रत्येक देवनागरी चिन्ह संगणकाच्या तीन बाइटांत साठवले जाते आणि सांकेतिक रूपात प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे दोन खुणा अशा तीन खुणा लिहाव्या लागतात. परिणामी ‘मुंबई’ हा पाच चिन्हांचा शब्द ४५ खुणांचा होतो. मराठी विकिपीडियावरील लेखाचा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची जी लांबलचक माळ उमटते तिचे कारण हेच आहे, आणि ती पाहून सावध माणूस दुवा बनावट समजला तर त्याला दोष देता येत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हा देवनागरी अंत्यनामाचा पर्याय सुरू झाल्यामुळे संकेतस्थळाचे नाव देवनागरीत ठेवता येऊ लागले, पण पत्त्याच्या पुढच्या भागाचा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणूनच पत्ता उघडा पाठवण्यापेक्षा त्याच्या आधी पान कोणाचे आणि कशाविषयी आहे हे एका ओळीत लिहिणे अगत्याचे ठरते, तर संस्थांनी ग्राहकांना संदेशातून पैसे किंवा सांकेतिक शब्द मागणारे दुवे पाठवणे बंद केले पाहिजे.

दुवा उत्तम लिहिला, स्पष्ट दाखवला, आणि तरीही काही वर्षांनी तो उघडलाच नाही, तर सारे श्रम वाया जातात. अशा मृत दुव्यांचे प्रमाण चिंताजनक आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती. हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासकांना २०१४ च्या सुमारास असे आढळले होते की, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या दुव्यांपैकी सुमारे निम्म्यांवर मूळ संदर्भ उरलेला नाही. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती जतन करीत असल्याने त्यांतील काही पाने तेथे सापडतात, पण जतनाची ही जबाबदारी मुळात ज्याचे पान त्याची आहे. पत्ते बदलण्यामागे तांत्रिक अपरिहार्यता फार क्वचित असते, ते बहुधा संकेतस्थळाची व्यवस्था पाहणाऱ्यांच्या दुर्लक्षामुळे बदलतात, असे बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते. पान हलवावेच लागले, तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्याकडे वळवण्याची सोय प्रत्येक वेब सर्व्हरमध्ये असते. ती न वापरता संकेतस्थळाचे नूतनीकरण झाले की, त्या पानांचा आधार घेऊन लिहिलेले संशोधन, बातम्या, ज्ञानकोशातील नोंदी आणि विद्यार्थ्यांची टिपणे एका दिवसात निराधार होतात.

भारतात या बाबी आता केवळ संकल्पकाच्या सदिच्छेवर सोडलेल्या नाहीत. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, आणि सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांचा त्यांत समावेश आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने माहिती आणि संपर्कसाधने दिव्यांगांना वापरता येतील अशी ठेवण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला आहे. कायद्याची ही चौकट असली, तरी दुव्याचे शब्द शेवटी कोणी तरी संपादक, लिपिक, शिक्षक किंवा बातमीदार टाइप करतो. मराठीत वेबपाने लिहिणाऱ्या अशा प्रत्येकाने पान प्रसिद्ध करण्यापूर्वी बाकी सारा मजकूर झाकून फक्त दुवे क्रमाने मोठ्याने वाचावेत. ज्या दुव्यावरून तो कोठे नेतो हे ऐकणाऱ्याला सांगता येणार नाही, तो त्याच बैठकीत पुन्हा लिहावा.